सरासरी ४.९७

सार्वजनिक निवेदनात खोटं लिहिणं हे अननुभवी प्रशासनाचं लक्षण आहे. मुरलेलं प्रशासन नेहमी खरंच लिहितं. कोणतं खरं लिहायचं, एवढंच आधी ठरवून घेतं. जपानच्या अकिता प्रांतातल्या कामिनोसावा नगराच्या नगरपत्रिकेने मार्चच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत, पुढील मजकूर छापला:

"‘अर्ध्या मिठाचं ताट’ या आपल्या नगराच्या संकेतस्थळावरील पाककृती गेल्या अकरा महिन्यांत नागरिकांनी घरोघरी एकूण ४,२१७ वेळा करून पाहिल्या व त्यांना पाचपैकी सरासरी ४.९७ गुण दिले. या काळात जेवणातील मिठामुळे एकाही नागरिकाच्या प्रकृतीस अपाय झाल्याची नोंद नाही."

या दोन वाक्यांत एकही शब्द खोटा नाही. पाककृती खरोखर केल्या गेल्या, गुण खरोखर दिले गेले, आणि भागाकार तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतला गेला. दुसऱ्या वाक्यातला ‘जेवणातील’ हा शब्द तीन बैठकांच्या विचारमंथनातून निघाला होता. त्याच्याकडे यथावकाश येऊ. आधी पाचाला जे तीन शतांश कमी पडले त्यांच्याकडे पाहणं शास्त्रशुद्ध ठरेल. चार हजारांवर ताटं वाढली जातात आणि समाधानात एवढीच उणीव राहते, तेव्हा ती उणीव हवेत तरंगत नसते. तिला नाव असतं, पत्ता असतो. या उणिवेचं नाव होतं नारिता मित्सुए, वय चौसष्ट, मुक्काम तिसरी आळी. मित्सुएबाईंनी बेचाळीस पाककृती करून पाहिल्या आणि सरासरी दोन गुण दिले. उरलेल्या सर्व नगराने प्रत्येक वेळी पाच दिले. (शंका असल्यास कागद घेऊन भागाकार करावा. तो बरोबर येतो.)

योजनेत खोट काढायला जागा नव्हती. नगराच्या आरोग्य कक्षाने पन्नास पाककृती संकेतस्थळावर टाकल्या. नागरिकाने त्यातली एक निवडायची, घरी करायची, ताटाचं छायाचित्र काढायचं, चाळीस अक्षरांत अभिप्राय लिहायचा आणि एक ते पाच गुण द्यायचे. अशा दहा अहवालांमागे नगराच्या अधिकृत कचरापिशव्यांचा एक जुडगा मिळे. (अधिकृत पिशवीखेरीज कुणाचाही कचरा उचलला जात नसल्यामुळे हे बक्षीस मोहापेक्षा गरजेच्या जवळचं होतं.) तीनपेक्षा कमी गुण दिल्यास पडद्यावर प्रश्न येई, "आपण नक्की एवढेच गुण देऊ इच्छिता?" होय म्हटल्यास दुसरा प्रश्न येई, "आपल्या घरी आज सर्व कुशल आहे ना?" मित्सुएबाईंनी वर्षभरात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकतीस वेळा दिलं.

नगरभवनाच्या दारात आळीवार तक्ता लागला. त्याशेजारी अर्ध्या मीठदाणीचा पोशाख घातलेली एक आकृती दर शनिवारी मुलांशी हस्तांदोलन करी. मीठदाणी उभी कापलेली असल्यामुळे तिला एकच हात होता.

पहिला क्रमांक तिसऱ्या आळीचा होता आणि त्याचं श्रेय आळीप्रमुख नारिता कोझाबुरो यांना, म्हणजे मित्सुएबाईंच्या यजमानांना जातं. शेतकी सहकारी संस्थेच्या गोदामात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आयुष्यात कुणालाही नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. योजना सुरू होण्याआधीच्या फेब्रुवारीत बुटाची नाडी बांधता बांधता त्यांना मेंदूचा लहानसा झटका आला. वीस मिनिटं त्यांना स्वतःचं नाव सांगता येईना. नाव परत आल्यावर त्यांनी सर्वांत आधी रुग्णवाहिकेतल्या माणसांची त्रासाबद्दल क्षमा मागितली.

"दिवसाला सहा ग्रॅम मीठ," डॉक्टर म्हणाले. "त्यावर एक कण नको. पुढचा झटका लहान असेल असं धरून चालू नका. बोलणं जाईल किंवा उजवा हात जाईल, आणि कोणतं ते आपल्याला विचारून जाणार नाही."

मित्सुएबाईंनी त्याच दिवशी ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणला. एप्रिलमध्ये संकेतस्थळ उघडलं तेव्हा साऱ्या नगरात ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचणारी ही एकच बाई होती. पाककृतीत जे लिहिलंय ते, जेवढं लिहिलंय तेवढं, जसं लिहिलंय तसं त्या करीत. मग चव घेत, आणि जी चव लागली तेवढेच गुण देत. त्यांचा हिशेब बालिश म्हणावा इतका सरळ होता. बेचव जेवण माणूस फार दिवस खात नाही. आपला माणूस हे जेवण सोडून देईल तर मरेल. तेव्हा जेवण सुधारलं पाहिजे. आणि काय बिघडलंय ते सांगितल्याशिवाय कुणी सुधारणार नाही. गुण यासाठीच मागितलेत असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांचे काही अभिप्राय दप्तरात आहेत:

क्र. ३, मिसो सूप: "गरम आहे. याहून अधिक सांगता येत नाही." (२)

क्र. ९, वाफवलेला कॉड: "माशाने व मी दोघांनी प्रयत्न केला." (१)

क्र. १४, बटाटा-मांस रस्सा: "यजमान छान म्हणाले. आवाजात छान नव्हतं." (२)

क्र. २२, शिजवलेला भोपळा: "बरा. पण ते श्रेय भोपळ्याचं." (३)

तुलनेसाठी, "फारच छान, घरच्यांनी दोनदा मागून घेतलं" हे वाक्य १,९०४ अहवालांत अक्षरशः आढळतं. त्यांपैकी २११ अहवाल एकट्या राहणाऱ्या व्यक्तींचे आहेत.

संकेतस्थळाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस बसलेला होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. पन्नासही पाककृती लिहिणारी आहारतज्ज्ञ तोझावा नाओ, वय एकतीस, वर्षाच्या कराराने नेमलेली. तिने मित्सुएबाईंचा एकेक अभिप्राय वहीत उतरवून घेतला. क्रमांक नऊमध्ये तिने मिठाऐवजी आंबट लिंबू आणि कुटलेली तिखट मिरी घातली. मित्सुएबाईंनी तो मासा पुन्हा केला, चार गुण दिले आणि लिहिलं, "आता मासा जागा झाला." अकरा महिन्यांत ही योजना तेवढी एकदाच चालली. ती नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी कक्षप्रमुख ओगासावारा यांनी जुनी पाककृती परत लावली. कारण तर्काला धरून होतं. जुन्या पाककृतीला एकशे बारा घरांनी पाच गुण दिले होते. ती सुधारली म्हणजे तिच्यात काही कमी होतं असं म्हणणं झालं. आणि मग त्या एकशे बारा घरांना काय समजायचं?

यानंतर ओगासावारा स्वतः नारितांच्या घरी आले. ते फार सौजन्याने बोलत.

"नारिता-सान, वहिनींचा थोडा गैरसमज झालेला दिसतो. त्यांना वाटत असेल, एक म्हणजे पहिला नंबर. बऱ्याच ज्येष्ठांचं तसं होतं."

"हो हो, तसंच झालं असणार," कोझाबुरो म्हणाले.

"तसं नाही झालेलं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "एक म्हणजे एकच."

ओगासावारांनी चहा संपवला. पुढच्या आठवड्यात घरोघर एक पत्रक आलं, ‘गुण कसे द्यावेत’. त्यात एकाच्या खाली रडणारा चेहरा आणि पाचाच्या खाली हसणारं सगळं कुटुंब काढलेलं होतं.

पत्रकाचा उपयोग झाला नाही तेव्हा शेजारणी आल्या. पुढे हाताकेयामा तोमि, एकोणऐंशी वर्षांच्या, आळीतल्या सर्वांत जुन्या.

"काय गं मित्सुए, मास्तरीण होतीस की काय गेल्या जन्मी? किती मार्क कापतेस?"

"तोमिआजी, तुम्ही तो नऊ नंबरचा मासा केलात ना? खरं सांगा, कसा लागला?"

"छान."

"अळणी नाही लागला?"

"लागला की. अळणीच लागायचा होता ना तो? मग जमला म्हणायचं. जमला तर पाच."

"अहो पण खाल्लात कसा?"

"तोंडाने," तोमिआजी म्हणाल्या, आणि बरोबरच्या दोघी तोंडावर हात धरून हसल्या. मग त्या जरा जवळ सरकल्या. "हे बघ, ती नाओ का कोण पोरगी, तिने जीव लावून लिहिलंय ते. नवरा तुझा आळीप्रमुख. पाच दिलेस तर तुझं काय जातंय?"

काय जातं ते मित्सुएबाईंना पक्कं ठाऊक होतं, पण ते शेजारणींसमोर बोलण्याजोगं नव्हतं. त्यांनी मान लववली आणि रात्रीच्या भोपळ्याला पुन्हा तीनच दिले.

घरात मात्र सगळं सुरळीत दिसत होतं. कोझाबुरो जे वाढेल ते विनातक्रार खात. बेचव सूप शांतपणे पीत आणि वाटी खाली ठेवून "छान झालंय" म्हणत. सोया सॉसची बाटली टेबलावर होती. मित्सुएबाईंनी तिच्यावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती आणि पातळी रेघेखाली कधी गेली नाही. नवऱ्याच्या या संयमाचं त्यांना नवल वाटे. त्यांना स्वतःला त्या जेवणाने रडू यायचं. माणूस मृत्यू पाहून आला की जिभेवर ताबा मिळवतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुराव्यावरून तोच निघत होता.

नोव्हेंबरात नगराने लघवी तपासली. योजनेत हे कलम कुणीतरी प्रांताच्या जुन्या नमुन्यावरून उतरवलं होतं आणि काढायचं राहून गेलं होतं. लघवीला गुण देता येत नाहीत, छायाचित्रात ती चांगली दिसावी म्हणून वर कोथिंबीर पेरता येत नाही, आणि शेजाऱ्यांना काय वाटेल याची तिला पर्वा नसते. लघवी ही खाल्ल्या मिठाला जागते. निकाल असा लागला: एप्रिलमधल्या तपासणीच्या तुलनेत नगराचं दरडोई रोजचं मीठ ११.९ ग्रॅमवरून १२.४ वर गेलं होतं. सर्वांत मोठी वाढ तिसऱ्या आळीत, जी अहवालांतही पहिली होती. नारिता कोझाबुरो १०.३ वरून १२.०.

सात जणांची चौकशी समिती बसली. तिच्या चार बैठका झाल्या आणि तिने पुढील शक्यता नोंदवल्या. थंडी लवकर पडली. बाटल्या नवीन होत्या. शरीरात पूर्वीपासून साठलेलं मीठ आता योजनेच्या प्रभावाने बाहेर पडत असावं (हा निष्कर्ष सर्वांना विशेष आवडला, त्यानुसार वाढ हे यशाचंच प्रमाण ठरत होतं). लघवीचे आकडे ‘पडताळणीखाली’ ठेवावेत आणि घरोघरी जाऊन अहवाल गोळा करण्याच्या फेऱ्या दुप्पट कराव्यात, अशी शिफारस एकमताने झाली.

मित्सुएबाईंनी १२.० हा आकडा वाचला आणि तो कागद घडी घालून काट्याखाली ठेवला. मग तीन दिवस त्यांनी नवऱ्याच्या ताटातला घासन्‌घास मोजला. ५.६. ५.९. ५.७. चौथ्या दिवशी दुपारी, उसना आणलेला डबा परत करायला म्हणून त्या तोमिआजींकडे गेल्या. दार उघडंच होतं. आत ऊबदार रजईच्या मेजापाशी कोझाबुरो बसले होते. समोर आजींचा अहवाल भरण्यासाठी फोन होता (आळीतल्या अडतीस घरांपैकी बहुतेकांना तो भरता येत नसे, आळीप्रमुख भरून देत), फोनशेजारी चहा होता, आणि चहाशेजारी बशीत गाक्को होता.

धुरावर सुकवून कोंड्यामिठात मुरवलेल्या मुळ्याला कामिनोसावात गाक्को म्हणतात. बर्फाच्या प्रदेशात माणूस दारात आला की त्याला आत घ्यायचं, बसवायचं, चहा द्यायचा आणि चहाबरोबर गाक्को. त्याने आधी दोन फोडी घ्यायच्या, मग आग्रह झाल्यावर एक. दोनवर थांबणाऱ्याला घरात काही खटकलं असं समजतात. प्रत्येक घराचा धूर वेगळा, मुरण वेगळी, म्हणून "कसा झालाय?" हे विचारलं जातं, आणि त्याला या खोऱ्यात आजवर एकच उत्तर दिलं गेलेलं आहे.

"अहो," मित्सुएबाई दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही हे खाताय?"

कोझाबुरोंनी बशीकडे पाहिलं. "खात कुठे? चहा घेतोय."

"तोमिआजी, यांना मीठ चालत नाही. तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, जेवणात चालत नाही ना? मी काय जेवायला वाढलंय का?" तोमिआजींना खरोखर वाईट वाटलं होतं. "सगळी आळी अर्ध्या मिठावर आली. आम्ही रोज ते तुझं पांचट सूप करून पितो. आता चहाबरोबर दोन फोडीसुद्धा नकोत?"

घरी आल्यावर संभाषण थोडक्यात झालं.

"दिवसाला किती घरं?"

"सहा. कधी सात."

"घरटी किती फोडी?"

"मोजल्या नाहीत."

"मी मोजते. तीन."

"तीन असतील."

एका फोडीत पस्तीस शतांश ग्रॅम मीठ. सहा त्रिक अठरा फोडी, म्हणजे सहा पूर्णांक तीन दशांश ग्रॅम. डॉक्टरांनी दिलेला सबंध दिवस आळीप्रमुख चहात संपवत होते, वर तीन दशांश शिष्टाचाराखातर. आणि मग घरी येऊन तृप्त जिभेने बेचव सुपाला छान म्हणत होते. नगरात कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी अर्ध्या मिठाचं जेवण खरोखर केलं होतं, खरोखर खाल्लं होतं, आणि ते खरोखर खपलं होतं, कारण कमी पडलेलं मीठ चहाबरोबर येत होतं. योजनेच्या बैठकांतही चहा होता. चौकशी समितीच्या चार बैठकांतही होता. मीठ कमी करण्यासाठी जितकी धावपळ वाढली तितक्या भेटी वाढल्या, जितक्या भेटी तितक्या बश्या. १२.४ हा आकडा पडताळणीखाली होता. तो कामिनोसावाच्या कळकळीचा आकडा होता.

मित्सुएबाई काटा पिशवीत घालून नगरभवनात गेल्या. नाओने त्यांचं ऐकून घेतलं आणि खणातून एक कागद काढला. पाककृतींचा पहिला खर्डा होता. त्यात क्रमांक एकवर पाककृती नव्हतीच. ‘चहाबरोबर गाक्को नको’ एवढंच लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत शेरा होता: "गाक्को हा पदार्थ नसून आपुलकी आहे. वगळावे."

"तू भांडली नाहीस?" मित्सुएबाईंनी विचारलं.

"शेरा मारायच्या आधी साहेबांनी बशी पुढे केली होती, काकू," नाओ म्हणाली. "माझ्या तोंडात घास होता."

मग मित्सुएबाईंनी सहसा कुणी करीत नाही ती गोष्ट केली. त्यांनी नवऱ्याला थांबवलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोझाबुरोंनी फेऱ्यांतून मुक्त करावं असा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘गुडघे’ लिहिलं. ‘तुमचा मुळा’ असं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते घरी बसले. घरात गाक्को नव्हता. सहा दिवस त्यांनी फक्त ताटातलं खाल्लं, आणि सातव्या दिवशी सुपाचा घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"याला काही चवच नाही गं."

मित्सुएबाईंना इतका आनंद लग्नानंतर फार थोड्या वेळा झाला असेल. त्या दिवशी त्यांनी क्रमांक नऊचा मासा नाओच्या सुधारित पद्धतीने केला आणि दोघांनी बोटं चाटून खाल्ला. घरचा रक्तदाबाचा आकडा पहिल्यांदाच खाली आला.

आठव्या दिवशी तोमिआजी आल्या. आळीप्रमुख आठवडाभर दिसले नाहीत, गुडघे एवढे दुखतात, बर्फ पडतंय, आणि अहवाल तर भरायचाय. माणुसकी म्हणून काही आहे की नाही? आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. आजींनी घरचा अख्खा मुळा आणला होता, कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून. आणि पाहुण्याने आणलेलं आधी पाहुण्यालाच वाढायचं, यजमानांनी बरोबर बसून चाखायचं, ही रीत मोडायला लागणारं धैर्य कुठल्याही पाककृतीत दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघं आली. आळीत बातमी फिरली की आळीप्रमुख खचलेत, बोलत नाहीत, जेवण जात नाही म्हणे. मग येणं वाढलं. घरातून बाहेर न पडता कोझाबुरोंची फेरी पुन्हा सुरू झाली. आता आळीच त्यांच्याभोवती फिरत होती.

एकोणिसाव्या दिवशी, चार पाहुण्यांदेखत, कोझाबुरोंच्या उजव्या हातातल्या खाण्याच्या काड्या बशीवर पडल्या. ते काहीतरी बोलले. शब्द कुणाला कळले नाहीत, पण बशीकडे पाहून बोलले म्हणून पाहुण्यांनी वाकून आभार मानले.

ते वाचले. बोलणं हळूहळू परत येतंय. उजवा हात येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. सध्या ते डाव्या हाताने चमच्याने खातात, आणि सांडलं की मित्सुएबाईंची क्षमा मागतात.

आळीप्रमुख हे योजनेचे अधिकृत प्रवर्तक असल्यामुळे नगराला या घटनेची दखल घेणं भाग पडलं. समितीने दप्तर काढलं आणि तिला एक विलक्षण सहसंबंध आढळला. सबंध नगरात सरासरी तीनपेक्षा कमी गुण देणारं घर एक. झटका आलेलं प्रवर्तकाचं घर एक. आणि ती दोन्ही घरं एकच. असमाधान आणि आजार यांचा मेळ शंभर टक्के बसत होता. संख्याशास्त्रात असा निर्विवाद निकाल फार क्वचित हाती येतो. जेवणाला नावं ठेवणाऱ्या घरात प्रकृती कशी राहणार, असं ओगासावारा म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणाले की स्पष्टता यावी म्हणून श्रीमती नारिता यांच्याकडून लेखी खुलासा घ्यावा. चहाचा विषय एका सदस्याने काढला होता. तेव्हाच मसुद्यात ‘जेवणातील’ हा शब्द घालण्याचं ठरलं.

खुलासा तीन ओळींत अपेक्षित होता. मित्सुएबाईंनी मागची बाजूही वापरली. समितीने तो वाचला आणि आरोप सिद्ध झाल्याची नोंद करून फाईल बंद केली. आरोप कोणता, हे लिहायचं राहून गेलं. ज्या वाचकाने इथवर येताना कामिनोसावातल्या लोकांना मनातल्या मनात एक किंवा दोन गुण देऊन ठेवले असतील, त्याने पुढचं वाचण्याआधी एवढंच आठवावं, की गेल्या खेपेला कुणाच्या घरी वाढणारी व्यक्ती समोर उभी राहिली आणि "कसं झालंय?" म्हणाली, तेव्हा आपण किती दिले होते. आठवलं असल्यास खुलासा असा आहे. शब्द मूळचे आहेत.

"प्रश्न: घटनेपूर्वी संबंधिताने जेवणाव्यतिरिक्त काय सेवन केले व ते कोणी दिले?

"उत्तर: माझ्या यजमानांनी खारवलेला मुळा खाल्ला. तो मी दिला. बारा दिवसांत आमच्याकडे एकतीस जण आले आणि प्रत्येकाने घरचा मुळा आणला. तो मी कापला, बशीत मांडला आणि यजमानांच्या पुढे ठेवला. त्यांनी प्रत्येकाबरोबर तीन फोडी खाल्ल्या. मी प्रत्येक वेळी मोजत होते. एकूण त्र्याण्णव. एका फोडीत किती मीठ असतं ते मला माहीत होतं, आणि त्याने काय होईल तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाहुण्यांसमोर बशी उचलून घ्यावी असं मला एकतीस वेळा वाटलं. मी उचलली नाही. यजमान माझ्याकडे बघत. मी उचलली असती तर त्यांनी हात आवरला असता, असं मला वाटतं. नुसता चहा ठेवला असता तर लोक काय म्हणाले असते ते मला सांगता येणार नाही, कारण मी ते करून पाहिलं नाही. निघताना प्रत्येकाने मला विचारलं, कसा झालाय. मी प्रत्येकाला म्हणाले, फारच छान."